चाळीसला मोडणारी रेघ

यॅकिमा. ऑक्टोबर. मंगळवार, संध्याकाळचे सात.
वर्गात हीटर खोकतो,
आणि अकरा माणसांच्या कपड्यांना
सफरचंदावरच्या मेणाचा वास.
रेफुहिया बारागान पहिल्या बाकावर बसते,
चष्म्याचा नंबर वाढलाय, नवा घ्यायचा राहिलाय.

मी फळ्यावर लिहिते: f, कंसात x.
सगळे f ने x ला गुणतात.
दर वर्षी गुणतात.
रेफुहिया खोडते, पुन्हा गुणते, पुन्हा खोडते,
कागद पातळ होत होत फाटतो.

"हा गुणाकार नाही," मी म्हणते. "हे यंत्र आहे.
इकडून आत टाकायचं, तिकडून काय पडतं ते बघायचं."
"म्हणजे आमचा सायझर," ती म्हणते,
आणि पुढची वीस मिनिटं तीच मला शिकवते:

पट्ट्यावरून फळ येतं, कपात बसतं,
वजन होतं, कप कलंडतो,
बहात्तरची गल्ली, अठ्ठ्याऐंशीची, शंभराची.
(पेटीत मावतील तितकी फळं. आकडा मोठा तेवढं फळ लहान.
इथे अकरा वर्षं काढून मला हे ठाऊक नव्हतं.)
पान, खडा, एकदा तर अख्खं घरटं,
ते आधीच हातानं काढायचं, यंत्राला ते पचत नाही.
"प्रांत," मी म्हणते.
"असेल," ती म्हणते.

एकच फळ दोन गल्ल्यांत पडलं तर?
"पडत नाही. पडलं तर डेलला बोलवायचं."
व्याख्या इतक्या थोडक्यात मला कधी जमली नव्हती.

आणि उलट? अठ्ठ्याऐंशीच्या पेटीतलं एक उचलून
सांगता येईल, कुठल्या फांदीवरचं?
तिनं हात पुसले, कोरडे होते तरी.
"नाही. गल्लीला फक्त वजन कळतं."
मी लिहिलं: व्यस्त फलन नाही.
'नाही'पाशी मार्कर सुकला.

गुरुवारी तुकड्यातुकड्यांची फलनं.
पुस्तकातलं उदाहरण पार्किंगच्या दराचं;
इथे पार्किंग फुकट, कुणी मान वर करेना.
म्हटलं, बरं, पगार घ्या.
चाळीस तासांपर्यंत एक दर, पुढे दीडपट.
"चाळीस धरून की सोडून?" मागून ऑरेन.
भरीव टिंब की पोकळ, यात दहा मिनिटं गेली.
रेघ चढते, चाळीसला मोडते,
तिथून आणखी उभी होते.

रेफुहियानं पर्समधून पगाराची चिठ्ठी काढली,
पाठकोऱ्या बाजूला अक्ष आखले,
पट्टी नव्हती, ओळखपत्राच्या कडेनं आखले.
सेहेचाळीस तास. अठराचा दर.
सूत्र म्हणालं आठशे ब्याऐंशी.
चिठ्ठी म्हणाली आठशे अठ्ठावीस.
मला वाटलं, चुकली पुन्हा गुणाकारात.
मी करून पाहिलं.
ऑरेननं फोनवर केलं.
चोपन्न.

चिठ्ठीतली रेघ चाळीसला मोडतच नव्हती.
सुतासारखी सरळ गेली होती,
जसं काही तिथे कुणी थकलंच नव्हतं.

तिनं दुसरी चिठ्ठी काढली. मग तिसरी.
पर्सच्या आतल्या कप्प्यात, रबरबँड लावून,
ऑगस्टपासूनच्या सगळ्या.
कुणीतरी खुर्ची जवळ ओढली. मग आणखी कुणी,
स्वतःच्या खिशात हात घालत.
नऊ चाळीसला रखवालदार दिवे घालवायला आला
आणि दारातच उभा राहिला, बटणावर बोट ठेवून.

मला परीक्षेचं सांगायचं होतं,
मंगळवारी, पाचव्या प्रकरणापर्यंत.
राहून गेलं.

निघताना तिनं दोनच गोष्टी विचारल्या:
झेरॉक्सचं मशीन सकाळी किती वाजता सुरू होतं,
आणि एका आलेखावर
बत्तीस जणींचे तास मावतील का.